पोरगं पेठेतच ठेवावं, की अकादमीत धाडावं?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा साडेदहा वर्षांचा, जन्म नोव्हेंबरचा, घर शिवाजी पेठेत. शाळेच्या फुटबॉल संघात आहे, पायात बॉल बरा राहतो. पाहुणे म्हणतात, कोल्हापुरात राहून गाडी पेठेच्या पुढं जात नाही, आत्ताच पुण्या-मुंबईच्या निवासी अकादमीत घाला. भावाची मुलगी बारा वर्षांची, गडहिंग्लज तालुक्यातल्या खेड्यात राहते, तिलाही खेळायचंय. खेळाडू कुठं वाढतो यानं खरंच एवढा फरक पडतो का?

पडतो, पण पाहुणे म्हणतात तसा नाही. मुलाला तेरा वर्षांचा होईपर्यंत शक्यतो हलवू नका. तेरा ते सोळा या काळात कोल्हापुरात जे मिळत नाही ते कुठून आणायचं, याची तयारी मात्र आत्तापासून करा. मुलीचं गणित उलटं आहे, त्याकडे शेवटी येतो.

गावाचा आकार आणि खेळाडू घडणं यांचा संबंध तपासणारा एक गाजलेला अभ्यास २००६ साली कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी मांडला. उत्तर अमेरिकेतले आइस हॉकी, बेसबॉल, बास्केटबॉल आणि गोल्फचे व्यावसायिक खेळाडू कुठं जन्मले, हे त्यांनी पाहिलं. पाच लाखांपेक्षा मोठ्या शहरांतून लोकसंख्येच्या मानानं कमी खेळाडू निघाले होते, आणि पन्नास हजार ते एक लाखाच्या गावांचं पारडं सगळ्यांत जड होतं. फुटबॉलमध्ये हाच हिशेब देशागणिक बदलतो, कारण युरोपात मोठे क्लब मोठ्या शहरांत आहेत आणि क्लबच्या जवळ राहणाऱ्याला दार लवकर उघडतं. म्हणून लोकसंख्येचा आकडा पाठ करण्यात अर्थ नाही. विचारायचं ते हे: मैदान पायी किती मिनिटांवर आहे, खेळायला कोण असतं, आठवड्यात बॉल पायाला किती वेळा लागतो, आणि पुढची पायरी हाताच्या अंतरावर आहे का.

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर ५ लाख ४९ हजारांचं होतं, म्हणजे त्या अभ्यासाच्या रेषेच्या चुकीच्या बाजूला. पण पोरगं महापालिकेच्या हद्दीत वाढत नाही, पेठेत वाढतं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, जुना बुधवार हा सगळा भाग पायी फिरण्याएवढा. गांधी मैदान आणि शाहू स्टेडियम यांत चालत जाण्याचं अंतर. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी फुटबॉलचे संघ काढले आणि पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नावं पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. संघात खेळणारा माणूस टीव्हीवर नसतो, शेजारच्या बोळात राहतो. तो बूट कसे बांधतो, हरल्यावर कसा वागतो, दुखापतीनंतर कधी उतरतो, हे सगळं पोरगं रोज बघतं. हे शिक्षण कुठलीही अकादमी फी घेऊन देऊ शकत नाही.

दुसरी मिळकत वेळेची. मुंबईत चांगल्या सरावासाठी एका बाजूला पाऊण तास सहज जातो. आठवड्याला चार दिवस म्हणजे सहा तास, चाळीस आठवड्यांचे २४० तास फक्त प्रवासाचे. पेठेतल्या पोराचा हा वेळ पायात बॉल असताना जातो.

तिसरी मिळकत सगळ्यांत मोलाची आणि तिलाच लोक टाकाऊ समजतात: गल्लीतला खेळ. पाच-सहा मीटरच्या बोळात बॉल लांब मारताच येत नाही, भिंतीवर आपटून परत येतो. पहिला स्पर्श चुकला की बॉल गेलाच. नऊ वर्षांचा पोरगा चौदा वर्षांच्यांबरोबर खेळतो तेव्हा जोराचा काही उपयोग नसतो, म्हणून तो अंग आडवं घालायला, बॉल लांबच्या पायात ठेवायला आणि येण्याआधी मान वळवून बघायला शिकतो. चार-चार जणांच्या खेळात प्रत्येकाचा बॉलशी जितका संबंध येतो, त्याच्या पासंगालाही अकरा-अकराचा खेळ पुरत नाही. शिवाय तिथं शिट्टी नसते. भांडण पोरं मिटवतात, संघ पोरं पाडतात, एकतर्फी झालं की पोरंच माणूस बदलून घेतात. एवढे निर्णय स्वतः घेणारं मूल मैदानावर कोचकडे बघत उभं राहत नाही.

फ्रान्सचा किलियन एम्बापे पॅरिसला लागून असलेल्या बाँडी या उपनगरात वाढला, तिथल्याच क्लबात खेळला, आणि तेराव्या वर्षी क्लेअरफाँतेनच्या राष्ट्रीय केंद्रात गेला. या केंद्राची पद्धत नीट बघा. १९८८ साली सुरू झालेलं हे केंद्र तेरा ते पंधरा वयाची मुलं घेतं, तीही पॅरिसच्या आसपासची. सोमवार ते शुक्रवार निवास, शनिवार-रविवारी मुलगा घरी जाऊन आपल्या जुन्या क्लबाकडून मॅच खेळतो. म्हणजे एवढ्या श्रीमंत फुटबॉल देशानंही पोराला दहाव्या वर्षी घरातून उचललं नाही आणि तेराव्या वर्षी उचललं तरी गाव तोडलं नाही.

आता कोल्हापूरच्या उण्या बाजू. त्या लपवल्या तर पाहुण्यांचंच म्हणणं खरं ठरेल.

पहिली जमीन. मुरुमाच्या कडक मैदानावर बॉल गुडघ्याखाली राहत नाही. मग पोरगं बॉल खाली आणायला शिकण्याआधी उडता बॉल लांब भिरकावायला शिकतं, बाहेरून लोक टाळ्या वाजवतात आणि सवय पक्की होते. गवतावर खेळणाऱ्या संघाशी गाठ पडली की हाच मुलगा बॉल मागं-पुढं फिरताना बघत राहतो. यावर सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे फुटसालचा, म्हणजे लहान कोर्टावर कमी जणांत खेळायच्या फुटबॉलचा, बॉल. दोन मीटरवरून सोडला तर तो ५० ते ६५ सेंटीमीटरच उसळतो. साधा पाच नंबरचा बॉल टणक पृष्ठभागावर सव्वा ते दीड मीटर उसळतो. फुटसालच्या बॉलचं वजन ४०० ते ४४० ग्रॅम, घेर ६२ ते ६४ सेंटीमीटर. शाळेच्या फरशीवर किंवा बास्केटबॉलच्या कोर्टावर आठवड्यातून दोनदा, चार-चार जण, वीस मिनिटांचे दोन डाव. मुरुमावर तो वापरू नका, आवरण लवकर घासून जातं. तो मिळत नसेल तर चार नंबरच्या बॉलमधली हवा थोडी कमी करा. बॉलचा नंबरही बघा: या वयाला चार नंबरच, ३५० ते ३९० ग्रॅमचा. पाच नंबरचा ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, आणि साडेदहाव्या वर्षी तो लांब मारायला पोरगं कंबर मागं टाकतं. ही ढब नंतर मोडायला दोन-दोन हंगाम लागतात.

जमिनीचीच दुसरी भानगड बुटांची. कडक मुरुमावर लांब स्टडचे बूट घातले की सगळा भार चार-सहा टोकांवर येतो आणि धक्का टाचेत जातो. दहा ते तेरा वयात टाचेच्या मागं दुखणं आणि पुढं गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दुखणं या दोन तक्रारी येतात, त्या वाढत्या हाडावर ताण पडल्यानं. तळाला बारीक रबरी गोट्या असलेले टर्फचे बूट घ्या. मोठ्या भावाचे स्टड ‘अजून चांगले आहेत’ म्हणून वापरू नका.

दुसरी उणीव गोलपोस्टची. मोठा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. त्याखाली एक मीटर चाळीस सेंटीमीटरचा गोलकीपर उभा केला की डोक्यावरून टाकलेला प्रत्येक बॉल गोल होतो. पोरगं हुशार असतं, ते तेच मारत राहतं. बाराव्या वर्षी ‘स्कोअरर’ म्हणून नाव होतं, पंधराव्या वर्षी गोलकीपर उंच झाला की गोल आटतात आणि घरचे म्हणतात, पोराचं लक्ष उडालं. लक्ष उडालेलं नसतं, गोलच खोटे होते. इंग्लंडमध्ये दहा वर्षांखालील मुलं सात-सात जणांत खेळतात, मैदान साधारण ५५ बाय ३७ मीटर, गोल ३.६६ बाय १.८३ मीटर, बारा वर्षांखाली नऊ-नऊ जण, आणि अकरा-अकरा त्यानंतरच. आपल्याकडे त्यासाठी नवं मैदान लागत नाही. एका मोठ्या मैदानात फक्कीनं आडव्या दोन पट्ट्या आखा, बांबूचे चार गोल करा. एका वेळी अठ्ठावीस पोरं खेळतील आणि कठड्यावर बसून राहणारं कुणी उरणार नाही.

तिसरा पाऊस. इथला मोठ्यांचा हंगाम हिवाळा-उन्हाळ्याचा, आणि जून ते सप्टेंबर मैदानात चिखल. गंमत अशी की सुब्रतोसारख्या शालेय स्पर्धांच्या जिल्हा फेऱ्या बहुधा याच दिवसांत उरकतात. चिखलात पास चालत नाही, ढकलाढकली चालते, म्हणून थोराड पोरगा निवडला जातो आणि पायात बॉल असणारा राहून जातो. मुलगा पावसाळी निवडीत राहून गेला तर त्यावरून त्याची किंमत करू नका.

पाऊस हे कारण मात्र चालणार नाही. आइसलँडची लोकसंख्या २०१६ साली साडेतीन लाखांच्याही आत होती, म्हणजे कोल्हापूर शहरापेक्षा कमी, आणि हिवाळा आपल्या पावसाळ्याहून लांब आणि काळोखा. त्यांनी २००० सालापासून बंदिस्त हॉल बांधले आणि गावोगावच्या लहान मुलांच्या संघांना परवानाधारक प्रशिक्षक दिले. २०१६ च्या युरो स्पर्धेत त्यांनी इंग्लंडला २-१ नं घरी पाठवलं, २०१८ चा विश्वचषक खेळले. आपल्याला हॉल नको, शाळेचा व्हरांडा पुरे. भिंतीपासून तीन मीटरवर उभं राहून दहा मिनिटं पास: बॉल एका पायानं थांबवायचा, दुसऱ्यानं मारायचा. मग पाच मिनिटं फक्त डावा. रोज पंधरा मिनिटं, चार महिने. दर रविवारी एका मिनिटात न चुकता किती पास झाले ते वहीत लिहा. डावा पाय उजव्याच्या निम्म्यावर असेल तर व्हरांड्यात सगळा वेळ डाव्यालाच द्या. कोल्हापुरात उजव्या पायाच्या विंगरला, म्हणजे कडेनं धावणाऱ्याला, तोटा नाही.

चौथी उणीव सगळ्यांत गोड वाटते म्हणून जास्त घातक. पोरगं पंधरा-सोळाचं झालं, जरा दिसलं, की मोठ्यांच्या संघात ओढलं जातं. भरलेलं शाहू स्टेडियम, ईर्ष्येची मॅच, चौकात नावाचा फलक. या ईर्ष्येनंच इथला फुटबॉल जगला, हे मान्य. पण सोळाव्या वर्षी तिशीतल्या स्टॉपरला (मधल्या बचावपटूला) अंगावर घ्यायला लागलं की मुलगा सुरक्षित खेळतो: बॉल आला की मारून मोकळा. त्यात बाहेरून आणलेले खेळाडू मधल्या जागा घेतात आणि स्थानिक पोरगं कडेला किंवा बाकावर जातं. या वयात त्याला हवेत आपल्याच वयाच्या, अनोळखी आणि वरचढ संघांविरुद्धचे सामने, वर्षाला पंचवीस ते तीस. त्याच आठ-दहा संघांशी खेळून समोरच्याची खोड पाठ होते, खेळ वाढत नाही. पुणे, बेळगाव, गोवा हे आपल्याला एका रात्रीच्या अंतरावर आहेत. तीन तालमींनी मिळून बस केली तर वर्षातून चार दौरे होतात. हे होत नाही त्याचं कारण पैसा कमी आणि पेठा एकत्र येत नाहीत हे जास्त.

याच ठिकाणी मणिपूर आपल्याला मागं टाकतं. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या एकवीस जणांच्या संघात आठ मणिपूरचे होते. २०११ च्या जनगणनेत अख्खं मणिपूर साडेअठ्ठावीस लाखांचं आणि एकटा कोल्हापूर जिल्हा पावणेएकोणचाळीस लाखांचा. फुटबॉलचं वेड दोन्हीकडे, मोहल्ल्याचे क्लब दोन्हीकडे. फरक पुढच्या पायरीत. कर्णधार अमरजित आणि भारताचा विश्वचषकातला पहिला गोल करणारा जॅक्सन, दोघंही लहानपणीच चंदीगडच्या अकादमीत गेले. तिकडून मुलं बाहेर जाण्याची वाट रुळलेली आहे. कोण कुठं घेतं, कुठं गावचाच मोठा मुलगा आहे, हे घरच्यांना माहीत असतं. आपल्या जिल्ह्याचा त्या संघात एक होता, अनिकेत जाधव, आणि तो लवकरच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेलेला. हे उदाहरण माझ्या तेरा वर्षांच्या सल्ल्याच्या विरोधात जातं, हे दिसतंय. पण प्रबोधिनी ही राज्य शासनाची निवड करून घेणारी संस्था आहे. तशा ठिकाणी निवड झाली तर अकराव्या वर्षीही विचार जरूर करा. जिथं फी भरली की प्रवेश मिळतो, तिथं निवड झाली असं म्हणत नाहीत.

आता तेरापर्यंतचा आठवडा. शिट्टीखालचा सराव तीन दिवस, प्रत्येकी पंचाहत्तर मिनिटं. एक दिवस सात-सातची मॅच. दोन दिवस फुटसाल, तेही सरावाच्याच दिवसांत बसवा. गल्लीतला खेळ रोज, त्यावर कुणीही देखरेख करू नये, वडिलांनी तर मुळीच नाही. शिस्तीच्या सरावाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त होऊ देऊ नका, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. वर्षातले दोन-तीन महिने दुसरा खेळ. पोहणं चालेल, तालमीत लाल मातीत गेला तर फारच उत्तम. पडायचं कसं, समोरच्याचा भार कुठं आहे हे कसं ओळखायचं, हे कुस्तीइतकं कुठं शिकवतात? दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करा. एका खेपेला दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त वाढ दिसली की समजा मोठी वाढ सुरू झाली. तेव्हा उड्या आणि जोरदार धावा कमी करा, आणि बॉल पायातून सुटायला लागला तर रागावू नका; पाय लांब झालेत, मेंदूला अजून पत्ता नाही. खाण्याला पावडर लागत नाही. चाळीस किलोच्या मुलाला दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम प्रथिनं पुरतात: दोन ग्लास दूध, दोन अंडी, मूठभर शेंगदाणे आणि दोन वेळची आमटी-भाकरी यात ती जवळपास भागतात. दूध उकळूनच द्या, कट्ट्यावरच्या धारोष्णाचा मान राखून सांगतो.

नोव्हेंबरच्या जन्माचं वेगळं सांगायला हवं. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला त्याच गटातला मुलगा तुमच्या मुलापेक्षा दहा महिन्यांनी मोठा, साडेदहा वर्षांच्या आयुष्यात हा फरक आठ टक्क्यांचा. तो उंच दिसतो, वेगवान दिसतो, निवडला जातो, चांगले सामने त्यालाच मिळतात आणि दोन वर्षांनी तो खरोखरच पुढं असतो. यावर उतारा म्हणजे मुलाला आळीपाळीनं दोन्हीकडे खेळवणं: आठवड्यातून एकदा धाकट्यांत, जिथं त्याला बॉल मागायची सवय लागेल, आणि बाकी वेळ आपल्या गटात. कुणी ‘दाखल्यात एक वर्ष कमी लावून देतो’ म्हणालं तर तिथून उठा. मनगटाच्या एक्स-रेवरून वय तपासतात, सापडलं की मुलगा बाद होतो आणि शिक्का त्याच्यावर बसतो, दाखला देणाऱ्यावर नाही.

मुलीचं गणित उलटं का, तर वर सांगितलेली सगळ्यांत मोठी मिळकत, गल्लीतला खेळ, तिला मिळतच नाही. खेड्यात बारा वर्षांची मुलगी संध्याकाळी पोरांत खेळायला उतरली की लोक बघतात, आणि ते तास परत मिळत नाहीत. म्हणून तिच्यासाठी ठरलेला सराव लवकर हवा. गडहिंग्लज हे जिल्ह्यातलं फुटबॉलचं दुसरं गाव. तिथं मुलींचा गट कुठल्या शाळेत चालतो ते जूनच्या आत बघा. गट नसेल तर सात मुली गोळा करा, सातात खेळ होतो. मुलींची मोठी वाढ मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षं आधी, बाराच्या आसपास येते, तेव्हा गुडघा आतल्या बाजूला न झुकवता उडी मारून उतरणं तिला आत्ताच शिकवा. पुढं गुडघ्याच्या मोठ्या दुखापती मुलींत जास्त होतात. त्याच गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळच्या अंजू तुरंबेकर प्रशिक्षक होऊन राष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या ग्रासरूट (लहान मुलांच्या खेळाच्या) विभागापर्यंत पोचल्या, तेव्हा खेड्यातून वाट नाही असं घरात कुणी म्हणालं तर हे नाव सांगा.

तेराव्या वर्षी अकादमी बघायला जाल तेव्हा गवत आणि जर्सी बघू नका. विचारा: गेल्या वर्षी या गटातल्या शेवटच्या पाच मुलांना किती मिनिटं खेळायला मिळालं? अशी नोंदच नसेल तर उत्तर मिळालं. या वयोगटाचा कोच कुठल्या परवान्याचा, आणि सरावाला तोच असतो की नावापुरता? राष्ट्रीय महासंघाचं मानांकन आहे का, कुठल्या वर्षाचं? शाळा कुठली, दहावीला किती जण बसले? गोलकीपरला वेगळा माणूस आहे का? दुखापतीचा खर्च कुणाचा? मध्येच काढलं तर फी परत आणि दुसरीकडे खेळायला नोंदणी मोकळी मिळते का, हे लिहून देतात का? महिन्यातून एकदा मुलगा घरी येऊ शकतो का? आणि भेटीला सकाळी जाऊ नका, संध्याकाळी सराव संपल्यावर जा. शिट्टी झाल्यावरही चार-पाच पोरं बॉल घेऊन आपापलं खेळत असतील तर जागा बरी आहे. सगळी मान खाली घालून खोलीकडे निघाली असतील तर तिकीट परतीचं काढा.